मुंबईत नवीन आलात? बाहेर खायचं तर आधी घड्याळ बघा, मग स्टेशन

मुंबईत नवा आलेला माणूस खायच्या ठिकाणांची यादी घेऊन निघतो आणि दुपारी चार वाजता एखाद्या मालवणी खाणावळीच्या दारात उभा राहतो. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या असतात, पोरगा फरशी पुसत असतो, आणि "सातनंतर या" एवढं ऐकून परत फिरावं लागतं. यादी चुकीची नसते, वेळ चुकलेली असते. इथलं जवळपास प्रत्येक नावाजलेलं ठिकाण दिवसाच्या ठरावीक वेळेचं आणि दोन-चार पदार्थांचं आहे. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी किती वाजता खायचंय ते, मग कुठलं स्टेशन सोयीचं ते, आणि शेवटी काय मागवायचं ते.

निघण्याआधी

ढोबळ वेळापत्रक असं. सकाळी सात ते दहा नाश्ता. बारा ते तीन जेवण. तीन-साडेतीन ते सात या वेळात खाणावळी आणि थाळीवाले बंद. तेव्हा इराणी (जुनी चहा-बनमस्क्याची हॉटेलं), उडपी (इडली-डोशाची हॉटेलं) आणि वडापावच्या गाड्या यांच्यावर भिस्त. साडेसातपासून रात्रीचं जेवण, आणि अकरानंतर मोजकीच ठिकाणं. दुपारच्या जेवणाला बाराला पोचलात तर लगेच बसायला मिळतं. सव्वा ते दोन ही ऑफिसवाल्यांची वेळ, तेव्हा तिष्ठत राहावं लागतं. अडीचनंतर जागा मिळते, पण तोवर चांगला मासा संपलेला असतो.

वार पण बघायचा. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट हा कचेऱ्यांचा भाग असल्यामुळे रविवारी तिथली बरीच ठिकाणं बंद. दादर-माटुंग्यात उलट रविवारी सकाळी रांगा, आणि काही जुन्या ठिकाणांची सुट्टी सोमवारी. निघण्यापूर्वी फोन करून "आज चालू आहे का आणि किचन किती वाजेपर्यंत" एवढं विचारा. दार उघडं असलं तरी किचन अर्धा-पाऊण तास आधीच आटपतं.

रविवारी तिसरी गोष्ट म्हणजे मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल काही तास बंद किंवा दुसऱ्या मार्गावर. मध्य रेल्वेवर साधारण अकरा ते चार या वेळात तो असतो आणि माटुंगा-मुलुंड हा त्याचा आवडता पट्टा. धीम्या लोकल जलद मार्गावर वळवल्या की त्या माटुंग्याला थांबतीलच असं नाही आणि डोशाच्या आशेने निघालेल्या माणसाला दादरला उतरावं लागू शकतं. शनिवारी ब्लॉकची बातमी वाचून ठेवा, किंवा रविवारी दहाच्या आत खाऊन मोकळे व्हा.

माटुंग्याची आणखी एक गंमत. माटुंगा हे मध्य रेल्वेचं स्टेशन, माटुंगा रोड हे पश्चिम रेल्वेचं. उडप्यांची वस्ती मध्य रेल्वेच्या माटुंग्याला, पूर्वेला. माटुंगा रोडला उतरलात तर रुळांवरचा पादचारी पूल ओलांडून दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. दोन्हीकडे जलद लोकल थांबत नाही, धीमीच पकडा. पत्ता विचारतानाही 'ईस्ट की वेस्ट' हे आधी, रस्त्याचं नाव नंतर. चुकीच्या बाजूला उतरून मग पूल चढण्यात भुकेच्या वेळी फार जीव जातो.

सकाळ: दादर पश्चिम

मराठी नाश्त्याची सुरुवात दादरहून करा, कारण चालत जाता येईल एवढ्या परिसरात तुलना करता येते. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडल्याबरोबर १९१० पासूनचं मामा काणे यांचं उपहारगृह आहे. जवळच छबिलदास शाळेच्या गल्लीत 'श्रीकृष्ण'चा बटाटावडा, आकाराने चांगला दांडगा. तिथून रानडे रोडने बाजारातून चालत निघालात की शिवसेना भवन येतं. समोर गडकरी चौकात 'आस्वाद'. याच भागात गोखले रोडवर 'प्रकाश'.

'आस्वाद'मध्ये मिसळ, थालीपीठ, कोथिंबीर वडी. त्यांच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हबच्या पुरस्कारांत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवलं गेलं आणि तेव्हापासून दाराशी नाव लिहून थांबायची पद्धत जास्तच पक्की झाली. मात्र ही मुंबईची मिसळ आहे: रस्सा बेताचा तिखट, किंचित गोडाकडे झुकणारा. कोल्हापूर किंवा नाशिकच्या माणसाला ती मवाळ वाटेल. त्यांनी जास्तीचा रस्सा मागून घ्यावा, किंवा थेट ठाणे गाठावं, त्याबद्दल पुढे.

'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. वडा आला की लगेच तोंडात घालू नका. बाहेरून तो निवल्यासारखा दिसतो, आत मात्र चिकट साबुदाण्याने वाफ धरून ठेवलेली असते आणि टाळू भाजते. मधोमध फोडा, मिनिटभर उघडा ठेवा, मग चटणीला लावा. पीयूष म्हणजे श्रीखंड आणि ताक यांचं जायफळ-केशर घातलेलं पेय. ते जड असतं, दोघांत एक पुरतं. मिसळीच्या आधी पीयूष प्यायलात तर मिसळ उरेल, म्हणून ते शेवटी.

मिसळ आणि उसळपाव यांत नव्या लोकांचा गोंधळ होतो. उसळपावात वर फरसाण नसतं, कांदाही जेमतेम. फरसाण लवकर मऊ पडतं म्हणून मिसळीत सगळा रस्सा एकदम ओतू नये. थोडा ओतायचा, तेवढं खायचं, पुन्हा ओतायचा.

दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांना हाच नाश्ता गिरगावात मिळतो. ठाकुरद्वारला 'विनय हेल्थ होम'ची मिसळ आणि गिरगावातच पणशीकर. चर्नी रोडला उतरून चालत जा, नाहीतर मेट्रो ३ चं गिरगाव स्टेशन आता अगदी जवळ पडतं.

माटुंगा: तीन ठिकाणं, तीन वेळा

इथे एकाच सकाळी सगळं उरकायचा मोह होतो. तो आवरा.

पहाटेपासून 'रामाश्रय'. स्टेशनच्या अगदी बाहेर, १९३९ पासून. इथला उपमा आणि शिरा घ्या. शिऱ्याचा स्वाद दिवसागणिक बदलतो, आज कुठला ते विचारा. खाऊन झालं की उठायचं, बाहेर लोक उभे असतात. पहाटेच्या लोकलने आलेल्यांना आणि फूलबाजार उरकून येणाऱ्यांना हे ठिकाण फार सोयीचं.

किंग्ज सर्कलकडे 'कॅफे मद्रास', १९४० चं. रसम वडा, नाचणीचा डोसा, बिसी बेळे भात ही इथली मागवायची नावं. साधा मसाला डोसा शहरात कुठेही मिळतो. रविवारी नऊनंतर तासभर थांबायची तयारी ठेवा, आठच्या आत पोचलात तर चटकन बसाल. टेबलावर अनोळखी माणूस समोर येऊन बसला तर दचकू नका, तशीच रीत आहे.

मुंबईच्या उडप्याकडे इडली-वडा मागितला की 'डिप की सेपरेट?' असा प्रश्न येतो. डिप म्हणजे सांबारात बुडवून, सेपरेट म्हणजे सांबार वेगळ्या वाटीत. काहीच सांगितलं नाही तर मेदूवडा बुडवून येण्याची शक्यता धरा; कुरकुरीत हवा असेल तर आधी बोला. सांबार थोडं गोडसर असतं, गूळ पडतो. तामिळ पद्धतीच्या सांबाराची सवय असलेले इथे नाक मुरडतात, पण ती उडपीची चव आहे, आचाऱ्याची चूक नव्हे.

दुपारी 'ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग', १९४२ पासून, स्टेशनसमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. पद्धत अशी: आधी काउंटरवर पैसे भरून कूपन घ्यायचं. मर्यादित जेवण की पोटभर ते तिथेच ठरवून सांगायचं, नंतर बदल होत नाही. नंबर आला की हात धुऊन बसायचं. केळीच्या पानावर भाज्या, कोशिंबीर, पापड, पुऱ्या किंवा पोळ्या, मग भात. पहिला भात सांबाराबरोबर, दुसरा रसमबरोबर, शेवटचा ताक किंवा दह्याबरोबर. पुऱ्यांवर पोट भरलं की रसमभाताला जागा उरत नाही आणि इथे खरी मजा रसमातच आहे. वाढणारा झपाझप पुढे जातो. नको असेल तर पानावर हात आडवा धरा, बोलून उपयोग होत नाही. पानात टाकलेलं कुणाला आवडत नाही.

दुपार: माशाची थाळी, नीट समजून

नव्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त अपेक्षा इथे वाया जातात, म्हणून सविस्तर.

आधी घराणं ओळखा. मालवणी खाणावळीत भाजलेल्या मसाल्याचं, लालसर, झणझणीत कालवण. दादरला 'सिंधुदुर्ग' आणि 'चैतन्य', लोअर परळला 'जय हिंद'. गोमंतकी ठिकाणी नारळाच्या वाटणाचं, कोकम आणि तिरफळ घातलेलं हुमण. दादरचं 'गोमांतक', वांद्रे पूर्वेला हायवेलगत 'हायवे गोमांतक'. विलेपार्ले पूर्वेचं 'गजाली' मालवणीच, पण थोडं नीटनेटकं आणि महाग. फोर्टमधलं 'महेश लंच होम' मंगळुरी: तिथे गस्सी (नारळाच्या वाटणाचं कालवण), नीर डोसा, आणि कोंबडीच्या रश्शात भिजवायची तांदळाची कडक रोटी. मंगळुरी ठिकाणी जाऊन सोलकढी आणि भाकरी मागत बसू नका.

थाळीत काय येतं? साधारण एक तळलेली तुकडी, एक वाटी कालवण, बऱ्याच ठिकाणी थोडी सुकट किंवा तिसऱ्या (शिंपल्या), चपाती किंवा तांदळाची भाकरी किंवा वडे, भात आणि सोलकढी. थाळीला ज्या माशाचं नाव असतं तो तळलेला मासा. वाटीतलं कालवण दुसऱ्याच माशाचं असू शकतं, नुसता रस्साही असू शकतो. 'कालवणात काय आहे?' हा प्रश्न अगदी सरळ आहे, विचारा. भाकरी एकेक करून गरम मागवा. पहिल्यांदाच दोन घेतल्या तर दुसरी चिवट होते.

कुठला मासा? काट्यांची सवय नसेल तर सुरमई. आडव्या कापाची तुकडी असते, मधे एक कणा, बाजूचं मांस सुटून येतं. सवय थोडी असेल तर बांगडा: पाठीच्या रेषेवर बोट दाबत न्या, वरचा भाग अख्खा सुटतो, मग कणा शेपटीकडून उचलून बाजूला काढा. मांदेली काट्यांसकट चावायची, म्हणून ती कडक तळलेलीच हवी. बोंबील फ्राय ही मुंबईची खासियत. बोंबलात पाणी फार. तो चिरून, कणा काढून, वजनाखाली दाबून ठेवतात आणि मग रवा किंवा तांदळाचं पीठ लावून तळतात. दाबणं कमी पडलं की बाहेर कुरकुरीत आणि आत लगदा. चांगल्या बोंबलाचा तुकडा हातात आडवा धरला तर सरळ राहतो, वाकून लोंबत नाही. तो पाच-सात मिनिटांत खायचा पदार्थ आहे. घरपोच मागवलेला बोंबील डब्यातल्या वाफेने भिजूनच येतो, त्याला आमचा सरळ नकार.

पापलेट सगळ्यात महाग आणि आमच्या मते त्याच्या नावाचा रुबाब चवीपेक्षा मोठा आहे. मेनूवर किमतीच्या जागी 'साईझप्रमाणे' लिहिलेलं असेल तर ऑर्डर देण्याआधी आजचा दर आणि नगाचा आकार विचाराच. खेकडा आणि मोठी कोळंबी यांचंही तेच. बिल आल्यावर वाद घालून काही मिळत नाही.

गोमंतकी बांगड्याच्या कालवणात काळपट, फुटलेल्या मण्यासारखी तिरफळं दिसतील. ती वासापुरती घातलेली असतात. दाताखाली आली तर जीभ बधिर होते आणि पुढची दहा मिनिटं कशाचीच चव लागत नाही. ताटाच्या कडेला काढून ठेवा. सोलकढी जेवणाच्या शेवटी प्या, थोडी भातावर घेतली तरी चालेल. नारळाच्या दुधाची कढी तासाभरात फाटायला लागते, म्हणून पार्सल न्यायची ती घर जवळ असेल तरच.

आता वर्षाचं गणित. यांत्रिक बोटींच्या मासेमारीला दरवर्षी १ जून ते ३१ जुलै बंदी असते. या दोन महिन्यांत ताटात येणारा मोठा मासा बहुतेक बर्फातला. त्या दिवसांत सुरमई-पापलेटावर पैसे घालू नका. सुक्या बोंबलाचं कालवण, जवळा, सोडे मागवा. पावसाळ्यात मराठी घरातही तेच शिजतं. बंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये ताजा मासा येऊ लागतो, पण श्रावणामुळे बरेच मराठी गिऱ्हाईक तेव्हा शाकाहारी असतं. ज्यांना श्रावण पाळायचा नाही त्यांना त्या दिवसांत खाणावळीत आरामात जागा मिळते. आठवड्यात बुधवार, शुक्रवार, रविवार हे माशांचे वार. गिऱ्हाईक जास्त, म्हणून मालही त्या दिवशी भरपूर येतो. सोमवार-गुरुवारी आदल्या दिवसाचा उरलेला मिळण्याची शक्यता वाढते. ताजेपणाची एक परीक्षा ताटावर करता येते: ताज्या माशाचं मांस मोठ्या पाकळ्यांत सुटतं, शिळ्याचा भुगा होतो.

फोर्ट ते धोबीतलाव: इराणी

दुपारी तीन ते सहा या कोरड्या वेळेला इराणी हॉटेल. मेट्रो सिनेमासमोर 'कयानी', १९०४ पासून. मरीन लाइन्सला उतरून चालत पाच-सात मिनिटं. बनमस्का मऊ, ब्रूनमस्का कडक पावाचा. ब्रून चहात बुडवल्याशिवाय खाल्लात तर हिरड्या सोलवटतील. अकुरी म्हणजे पारशी पद्धतीची कांदा-टोमॅटोची अंड्याची भुर्जी, ओलसर ठेवलेली. खिमापाव सकाळी जास्त चांगला, संध्याकाळी उकळून आटलेला. मावा केक लवकर संपतो. ऑर्डर घेणारा मालक किंवा वेटर फटकून बोलला तर मनावर घेऊ नका.

बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' १९२३ चं आणि दुपारचंच. बेरी पुलावातल्या आंबट लाल बेरी इराणहून येतात; त्याबरोबर साली बोटी (वर बटाट्याच्या तळलेल्या सळ्या घातलेलं मटण) आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. एक पुलाव एका माणसाला जडच जातो. सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) चालत पंधरा मिनिटं. साडेबाराच्या आत पोचा आणि खिशात रोख ठेवा, जुन्या ठिकाणी यूपीआय गृहीत धरू नये.

सीएसएमटीहून गाडी पकडायची घाई असेल तर स्टेशनसमोर 'आराम'चा वडापाव, किंवा जवळच पेरीन नरीमन स्ट्रीटवर 'पंचम पुरीवाला'. दोन्हीकडे दहा मिनिटांत काम होतं. गुजराती थाळी हवी असेल तर काळबादेवीला १९४५ चं 'श्री ठाकर भोजनालय', पण तिथे गाडीची वेळ ठरवून जाऊ नये. वाढणारे थांबत नाहीत आणि नंतर चालवत नाही.

संध्याकाळ: वडापाव, पावभाजी, आणि पाण्याची भीती

वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर सुरू झाला असं मानतात. आज तो दर शंभर पावलांवर आहे, त्यामुळे गाडी निवडता आली पाहिजे. कढई समोर असावी आणि एकेक घाणा निघताच वडे संपत असावेत. परातीत वड्यांचा डोंगर रचलेला असेल आणि गिऱ्हाईक आलं की त्यातले चार पुन्हा तेलात सोडत असतील तर पुढे चला. गार वडा कोमट तेलात पडला की बेसनाचं कवच तेल पितं. बोटाला आणि कागदाला लगेच कळतं. पाव हाताने दाबल्यावर परत फुगला पाहिजे. लाल सुकी चटणी जास्त मागा, तळलेल्या मिरचीवर मीठ असतंच. कीर्ती कॉलेजजवळच्या 'अशोक'कडे चुरा, म्हणजे तळताना सुटलेले बेसनाचे कण, पावात घालून देतात.

पावभाजीसाठी ताडदेवचं 'सरदार' आणि सीएसएमटीसमोरचं 'कॅनन'. 'सरदार'कडे लोणी भाजीवर तरंगतं. कमी हवं असेल तर भाजी तव्यावर असतानाच सांगा, ताट आल्यावर ते वेगळं करता येत नाही. साधी, खडा आणि जैन असे प्रकार असतात: खडा म्हणजे भाज्या न चेचता, जैन म्हणजे कांदा-लसूण नाही आणि बटाट्याऐवजी कच्चं केळं. ताडदेवलाच 'स्वाती स्नॅक्स', १९६३ पासून. तिथली पानकी, म्हणजे केळीच्या पानात शेकलेलं तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं, खायलाच हवी. आगाऊ टेबल मिळत नाही, नाव देऊन थांबायचं.

गोड हवं असेल तर चर्चगेटला 'के. रुस्तम'चं आइस्क्रीम: दोन पातळ वेफरमध्ये जाड वडी. ती झपाट्याने वितळते, म्हणून कागद काढू नका, धरून कडेने खात जा.

जून ते सप्टेंबर पाणीपुरी, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं आणि साधं सँडविच यांपासून पहिले काही महिने तरी लांब राहा. तिखट-आंबट पाणी उकळलेलं नसतं आणि बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. जुन्या मुंबईकराला जे पचतं ते नव्याला आठवडाभर झोपवतं. त्या दिवसांत सँडविचऐवजी मसाला टोस्ट, शेवपुरीऐवजी गरम भजी.

रात्र आणि रमजान

रमजानच्या महिन्यात मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीभोवतीची गल्ली संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जागी असते. सँडहर्स्ट रोड किंवा मशीद स्टेशनला उतरा, गाडी घेऊन मुळीच जाऊ नका. उपास सुटायच्या वेळेला गर्दी करू नये, ती रोजेदारांची वेळ. नऊनंतर, शक्यतो सोमवार ते गुरुवार. कबाब थोडेच घ्या, नल्ली निहारी (नळीच्या हाडाच्या मटणाचा रस्सा) दोघांत एक, आणि मालपुवा चौघांत एक. तो ताटाएवढा असतो, अंड्याचा असतो, आणि वर मलई. फिरनी मातीच्या वाटीत येते. सुरुवातीच्याच गाडीवर पोट भरून घेणं ही इथली नेहमीची फसगत. एकदा गल्ली शेवटपर्यंत चालून या, मग मागवा.

एरवी रात्री उशिरा कुलाब्याला ताजमागे 'बडेमियाँ'चे सीख कबाब, आणि उपनगरांत स्टेशनबाहेरच्या भुर्जीपावच्या गाड्या. शेवटची लोकल साधारण साडेबारा-एकच्या सुमारास सुटते, तिची नेमकी वेळ ॲपवर बघून मगच ऑर्डर द्या.

उपनगरं आणि ठाणे

सगळं दक्षिणेला आहे असं नव्हे. चेंबूर कॅम्प ही फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांची वस्ती. रविवारी सकाळी तिथे दालपकवान (कडक पुरी आणि डाळ), आणि 'झामा'चे गुलाबजाम. घाटकोपर पूर्वेची खाऊगल्ली शाकाहारी आणि डोशावर चीज घालणाऱ्यांची. कॉलेजच्या पोरांना आवडते. ठाण्याला तहसील कचेरीजवळची 'मामलेदार' मिसळ, मगाशी म्हटलं ती. तिखट किती ते विचारतात. पहिल्या वेळी 'मध्यम' सांगा, आणि ताक बरोबरच मागवून ठेवा. पाणी प्यायल्याने ती आग पसरते.

रोजचं जेवण

वर सांगितलेलं सगळं सुट्टीच्या दिवसाचं. रोजच्यासाठी घराजवळची पोळीभाजी केंद्रं शोधा. मराठी वस्तीच्या प्रत्येक स्टेशनबाहेर दोन-चार असतात आणि संध्याकाळी सात ते नऊ पोळ्या गरम मिळतात. नव्यांचा एक समज काढून टाका: डबेवाले जेवण बनवत नाहीत. ते घरून किंवा मेसमधून डबा उचलून ऑफिसात पोचवतात. घरी करणारं कुणी नसेल तर आधी घरगुती डबा देणाऱ्या बाई किंवा मेस ठरवा. महिन्याचे पैसे भरण्याआधी एक आठवडा सुट्या डब्यांवर काढा, आणि सुट्टीच्या दिवसांचे पैसे कापतात का, रविवारी डबा असतो का, हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. डब्याच्या भांडणांचं मूळ बहुतेक तिथेच असतं.

बिल

बसल्याबरोबर 'बिसलेरी की साधं?' असं विचारतात. साधं पाणी फुकट असतं; नवं पोट असेल तर पहिले काही आठवडे बाटली घ्या, आणि सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. बिलावर साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, राज्य आणि केंद्राचे अडीच-अडीच मिळून. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती कायम ठेवली. लावला असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. खाणावळीत असला प्रकार नसतो. तिथे बिल बडीशेपेच्या बशीत येतं, वरचे सुटे वाढणाऱ्यासाठी ठेवून उठायचं.